बंद पडलेले यंत्र आणि न जुळणारी तेरीज

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कारखान्यातील स्वयंचलित यंत्रांच्या दोषांवर लेख लिहावा, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना थोडे आगाऊपणाचे वाटेल. परंतु माझे मामा उद्यमबागेत इलेक्ट्रिशियनचे काम करतात, आणि गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवसांत मी तिथल्याच एका लहान युनिटात स्टोअरची वही लिहितो. यंत्र बंद पडले की मामा दोष कसा शोधतात हे जवळून पाहताना माझ्या असे लक्षात आले, की तेरीज जुळत नसेल तर चूक कशी शोधावी म्हणून आम्हांला वर्गात जे शिकवतात, तीच ही रीत आहे. साधने वेगळी, पण विचार एकच. म्हणून हा विषय वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोगा आहे, आणि आपल्या भागात तो समजून घेण्याची गरजही आहे, असे मला वाटते.

गरज अशासाठी, की बेळगाव हे ओतकामाचे आणि यंत्रकामाचे गाव आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथे फौंड्र्या, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक सामान बनविणारे कारखाने दाटीने उभे आहेत. सुरेश हुंदरे यांनी उभी केलेली पॉलिहायड्रॉन ही कंपनी इथलीच. निपाणीकडे आलो की तंबाखूच्या वखारींबरोबर साखर कारखाने दिसतात, आणि निपाणीची कितीतरी मुले रोज बस धरून कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. या कारखान्यांतील यंत्रांच्या पोटात आता पीएलसी नावाची पेटी असते. यंत्र थांबले की बहुतेकांची पहिली शंका या पेटीवर जाते, कारण ती महाग असते आणि तिच्या आत काय चालते ते दिसत नाही. वस्तुतः दोष बहुधा पेटीच्या बाहेर असतो. तो क्रमाने शोधला तर थोड्या वेळात सापडतो. अंदाजाने सामान बदलत गेलो तर दिवस जातो, पैसे जातात, आणि कधीकधी माणसाचा हातही जातो.

पीएलसी म्हणजे काय?

पीएलसी म्हणजे यंत्राने कोणत्या वेळी काय करावे हे ठरविणारा, कारखान्याच्या धूळ-उष्णतेत टिकेल असा छोटा संगणक. त्याचा जन्म मोटारीच्या कारखान्यात झाला. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागात यंत्रांचे नियंत्रण शेकडो रिलेंनी होत असे. मोटारीचे मॉडेल बदलले की त्या रिलेंच्या वायरी उपसून पुन्हा जोडाव्या लागत आणि त्यात आठवडे जात. १९६८ साली त्या विभागाने रिलेंना पर्याय मागितला. डिक मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला उत्तर म्हणून ‘मोडिकॉन ०८४’ हे यंत्र तयार केले. ते १९६९ साली जनरल मोटर्सला मिळाले. ०८४ हा आकडा एवढ्यासाठी, की त्यांच्या संस्थेचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता.

या कथेतील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या पेटीत कार्यक्रम लिहिण्यासाठी नवी अवघड भाषा न घेता, इलेक्ट्रिशियन लोक वर्षानुवर्षे वाचत आलेले रिलेचे चित्रच ठेवण्यात आले. दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या, म्हणून त्याला ‘लॅडर’ म्हणतात. एका पायरीवर डावीकडे अटी असतात आणि उजवीकडे कृती. ‘दार बंद आहे, आणि तेलाचा दाब आहे, आणि बटण दाबले आहे, तर पंप चालू’ एवढाच त्या पायरीचा अर्थ. म्हणजे पीएलसी ही वस्तू सुरुवातीपासूनच साध्या कारागिराला वाचता यावी अशी घडविलेली आहे.

पेटीचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम ती सर्व इनपुट वाचते, म्हणजे बटणे, लिमिट स्विच आणि सेन्सर यांच्याकडून आलेली खबर घेते. नंतर कार्यक्रमाच्या पायऱ्या वरून खाली तपासते. शेवटी आउटपुट बदलते, म्हणजे मोटार, व्हॉल्व्ह, दिवे यांना हुकूम देते. हे चक्र काही मिलिसेकंदांत पुरे होते आणि पुन्हा सुरू होते. आम्हा वाणिज्याच्या मुलांना हे असे सांगता येईल: इनपुट ही पावती, कार्यक्रम हा हिशेबाचा नियम आणि आउटपुट ही खात्यावरची नोंद. पावतीच आली नाही तर नोंद होणार नाही, आणि त्याचा दोष कारकुनाला देता येणार नाही.

तपासाचा क्रम

तेरीज जुळली नाही तर आपण सगळी रोजकीर्द पहिल्या पानापासून वाचीत बसत नाही. आधी फरकाचा आकडा पाहतो. फरकाला दोनाने भागून येणारी रक्कम वहीत कुठे आहे का ते पाहतो, कारण ३५० रुपये नावेऐवजी जमेला गेले तर फरक ७०० चा पडतो. फरकाला नवाने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाल्याची शंका घेतो. ५४० चे ४५० लिहिले गेले तर फरक ९० चा. सारांश, चूक स्वतःबद्दल काही सांगत असते आणि ते आधी ऐकावे लागते.

यंत्राच्या बाबतीत ही फरकाची रक्कम म्हणजे पेटीवरचे छोटे दिवे. मामा पॅनेलचे दार उघडल्यावर पहिली दोन मिनिटे कशालाही हात न लावता फक्त दिवे पाहतात. वीज आल्याचा दिवा लागला आहे का? तो नसेल तर फ्यूज आणि २४ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय तपासायचा. कार्यक्रम चालू असल्याचा ‘रन’ दिवा लागला आहे का? दोष दाखविणारा लाल दिवा पेटला आहे का? पुष्कळ जुन्या पेट्यांत कार्यक्रम टिकून राहण्यासाठी बॅटरी असते आणि ती संपत आल्याचा वेगळा दिवा असतो. त्याकडे वेळेवर लक्ष न देता वीज गेली तर कार्यक्रम पुसला जातो. तेव्हा मात्र पेटीवरची शंका खरी ठरते, पण तिथेही दोष बॅटरी न बदलणाऱ्या माणसांचा असतो.

हे तीन-चार दिवे ठीक असतील तर पेटी बहुधा निर्दोष. मग इनपुट आणि आउटपुटच्या दिव्यांकडे वळायचे. प्रत्येक इनपुटला आणि आउटपुटला आपला स्वतंत्र छोटा दिवा असतो. यंत्राची सारी साखळी अशी मांडता येते: सेन्सर, त्याची वायर, पेटीचे इनपुट, कार्यक्रम, पेटीचे आउटपुट, रिले, वायर, व्हॉल्व्हची कॉइल, व्हॉल्व्ह, आणि शेवटी हलणारा सिलिंडर. या दहा कड्या एका टोकापासून तपासत बसण्यापेक्षा साखळी मधून तोडून पाहावी. समजा सिलिंडर हलत नाही. आउटपुटचा दिवा पाहा. तो लागला असेल तर पेटीने हुकूम दिलेला आहे. सेन्सरपासून कार्यक्रमापर्यंतच्या कड्या सुटल्या आणि दोष पुढच्या अर्ध्या भागात आहे. दिवा लागला नसेल तर पेटी कशाची तरी वाट पाहत आहे आणि दोष मागच्या अर्ध्या भागात आहे. एका नजरेत अर्धे काम कमी होते. उरलेल्या अर्ध्याचेही पुन्हा दोन भाग करता येतात.

एक प्रत्यक्ष उदाहरण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका लहान युनिटात, ज्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, हायड्रॉलिक प्रेस थांबला. वरचा ठोकळा खाली आला, पण परत वर जाईना. ‘कंट्रोलर गेला’ असा निर्णय अर्ध्या तासात होऊन पुण्याहून माणूस बोलावण्याचे आणि नव्या पेटीची किंमत विचारण्याचे फोनही सुरू झाले.

मामांनी दिवे पाहिले. वीज होती, रन होता, लाल दिवा नव्हता. वर नेणाऱ्या आउटपुटचा दिवा लागला नव्हता. म्हणजे पेटी वाट पाहत होती. कशाची? ठोकळा पुरता खाली आल्याची खबर खालचा लिमिट स्विच देतो. ठोकळा डोळ्यांदेखत खाली होता, स्विच दाबलेला होता, पण त्या इनपुटचा दिवा विझलेला होता. मग मीटर घेतला. स्विचपाशी २४ व्होल्ट येत होते आणि स्विचमधून बाहेरही पडत होते. पेटीच्या टर्मिनलवर मात्र शून्य. मग दोष स्विचचाही नाही, पेटीचाही नाही, मधल्या वायरीचा. ती वायर यंत्राच्या हालचालीबरोबर दर खेपेला वाकत असे. वरचे आवरण शाबूत होते, आतील तांबे तुटले होते. त्याच केबलमध्ये एक मोकळी तार होती, ती जोडून दिली. फार तर दीड तास लागला.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नंतर कळली. प्रेसवर काम करणारा माणूस कन्नड बोलणारा होता. दोन दिवसांपासून ठोकळा मधूनच अडकतो आणि केबलला हिसका दिला की सुटतो, हे त्याने पाहिले होते आणि सांगितलेही होते. पण त्याचे बोलणे ज्याच्या कानावर गेले त्याने ‘मषीन निंतैति’ एवढाच भाग घेतला आणि वहीत ‘मशीन बंद’ असे लिहिले. खरी माहिती ‘हिसका दिला की सुटतो’ या शब्दांत होती, आणि तीच गळाली.

आपल्या भागातील नेहमीचे दोष

हायड्रॉलिक यंत्रांत एक पेच नेहमी पडतो: दोष विजेचा की तेलाचा? आउटपुटचा दिवा लागला आहे, रिले बसला आहे, कॉइलला वीज पोहोचते आहे, तरी सिलिंडर हलत नाही. अशा वेळी कॉइलजवळ स्क्रूड्रायव्हरचे टोक नेले की ती ओढते का ते कळते. ओढत असेल तर विजेचे काम पुरे झाले. पुष्कळ व्हॉल्व्हच्या टोकाला हाताने दाबण्याची एक पिन असते. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून ती दाबावी. पिन दाबल्यावर सिलिंडर हलला तर दोष कॉइलचा. तरीही हलला नाही तर आतील स्पूल घाणीने अडकला आहे किंवा पंपाचा दाबच नाही. इथे आणखी एक खाच आहे. एसी विजेवर चालणाऱ्या कॉइलमधील दांडा पूर्ण आत गेला नाही तर ती जास्त प्रवाह ओढते आणि जळते. तेव्हा जळलेली कॉइल बदलली आणि ती पुन्हा जळली, तर तिसरी कॉइल आणण्याआधी तेल आणि फिल्टर पाहावा. जळालेली कॉइल हा परिणाम असतो. कारण टाकीत असते.

फौंड्रीत शत्रू धूळ आणि उष्णता. लोखंड जवळ आले की खबर देणारे जे प्रॉक्सिमिटी सेन्सर असतात, त्यांची पोच काही मिलिमीटरांचीच असते. वाळूने ते फसत नाहीत, पण तोंडावर लोखंडाचा कीस चिकटला तर समोर काही नसताना ‘वस्तू आली’ अशी खबर देत राहतात. त्या इनपुटचा दिवा कधी विझतच नाही, ही त्याची खूण. उलट सेन्सर सैल होऊन थोडा मागे सरकला तर दिवा कधी लागतच नाही. पॅनेलच्या पंख्याची जाळी धुळीने भरली की आतील उष्णता वाढते. अनेक पेट्यांची मर्यादा ५५ अंश सेल्सिअसची असते. दुपारी बंद पडणारे आणि रात्री सुरळीत चालणारे यंत्र पाहिले की आधी ती जाळी पाहावी. पावसाळ्यात याच पॅनेलमध्ये दमट हवा शिरते आणि टर्मिनलवर गंज धरतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींविषयी तर आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

साखर कारखान्यात दुसऱ्या प्रकारची खबर महत्त्वाची असते. तिथे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्याने भागत नाही. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती, रसाचे तापमान किती, हे मोजून कळावे लागते. ही खबर ४ ते २० मिलिॲम्पिअर एवढ्या प्रवाहाने पाठवितात. ४ म्हणजे शून्य टक्के, १२ म्हणजे पन्नास टक्के, २० म्हणजे शंभर टक्के. ८ मिलिॲम्पिअर आले तर पातळी पंचवीस टक्के. आता मनात प्रश्न येतो, की सुरुवात शून्यापासून का केली नाही? त्याचे उत्तर मला फार आवडले. शून्यापासून सुरुवात केली असती तर रिकामी टाकी आणि तुटलेली वायर यांची खबर एकच झाली असती. चारपासून सुरू केल्यामुळे टाकी रिकामी असली तरी चार येतातच. शून्य आले तर वायर तुटली, हे उघड. आमच्या भाषेत सांगायचे तर खात्यावर शून्य शिल्लक असणे आणि खातेच नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ड्रममधले पाणी कमी होणे बॉयलरला धोक्याचे असते, म्हणून हा भेद तिथे केवळ सोयीचा नसून जिवाचा आहे.

पडद्यावरच्या आकड्यावर किती विसंबावे, याचा धडा साऱ्या जगाला २०१० साली मिळाला. त्या वर्षी ‘स्टक्सनेट’ नावाचा संगणकी विषाणू उघडकीस आला. इराणमधील नतांझ येथील अणुकेंद्रात तो सीमेन्स कंपनीच्या पीएलसींमध्ये शिरला होता. तो सेंट्रिफ्यूज यंत्रांची गती बिघडवीत असे आणि देखरेख करणाऱ्यांना मात्र सारे सुरळीत असल्याची जुनी खबर दाखवीत असे. आपल्या गिरणी-कारखान्यांवर असा हल्ला होईल असे मी सुचवीत नाही. पण पडद्यावर एक आणि काचेच्या नळीत दुसरे दिसत असेल तर उठून नळी पाहावी, मीटर लावावा, एवढा बोध घेण्यास हरकत नाही. हिशेबतपासनीसही केवळ साठ्याच्या वहीवर विसंबत नाही. गोदामात जाऊन पोती मोजतो.

सुरक्षेचा प्रश्न

आता सर्वांत गंभीर भाग. यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून ‘बायपास’ करण्याची सवय आपल्याकडे फार आहे. दाराचा स्विच त्रास देतो, मग त्याच्या दोन वायरी एकत्र पिळून टाकायच्या. प्रेसला दोन हातांची दोन बटणे असतात, मग एका बटणात काडी खोचायची. किंवा संगणक जोडून एखादे इनपुट ‘फोर्स’ करायचे, म्हणजे खबर आलेली नसताना आली असे पेटीला मानायला लावायचे. तात्पुरते म्हणून केलेले हे काम पाळी बदलली की कोणाच्या लक्षात राहत नाही.

यंत्र रचणाऱ्याने या गोष्टी उगीच ठेवलेल्या नसतात. तातडीने थांबविण्याचे लाल बटण पाहा. ते दाबल्यावर मंडल जुळेल अशी रचना करता आली असती. पण तसे करीत नाहीत. ते नेहमी जुळलेले असते आणि दाबल्यावर तुटते. कारण वायर तुटली तरी यंत्र थांबावे, चालू राहू नये. ४ मिलिॲम्पिअरच्या मागे जे शहाणपण आहे तेच इथे आहे: खबर न येणे हा धोक्याचा इशारा मानायचा. (नव्या मुलांचा इथे एक गोंधळ होतो. हे बटण न दाबलेले असतानाच त्याच्या इनपुटचा दिवा लागलेला असतो, आणि तसाच तो असायला हवा.) दोन हातांच्या बटणांचेही तसेच. चांगल्या रचनेत दोन्ही बटणे जवळजवळ एकाच क्षणी दाबावी लागतात आणि दर खेपेला दोन्ही सोडावी लागतात, म्हणजे काडी खोचून भागत नाही. जिथे काडीने भागते तिथे रचनाच सुधारली पाहिजे.

धोकादायक भागांना कुंपण असावे, हे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्याच्या एकविसाव्या कलमातच घातले गेले होते. पण कायद्यापेक्षा साधा हिशेब पुरेसा आहे. बोटे गमावलेल्या कामगाराचे पुढील तीस वर्षांचे उत्पन्न कोणत्या खात्यावर नावे टाकायचे? म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असावी, आणि वीज नाही याची मीटरने खात्री करावी. आउटपुटचा दिवा विझला आहे म्हणून मोटार थांबलीच असेल, असे मानू नये. कॉन्टॅक्टरचे तोंड चिकटलेले असले तर दिवा विझलेला असूनही मोटार फिरत राहते. दाबाखालचे तेल आणि वर उचललेला ठोकळा यांना तर वीज गेल्याचेही भान नसते. म्हणून ठोकळ्याखाली आधार द्यावा आणि दाब सोडून द्यावा.

नोंद आणि खर्च

वर सांगितलेल्या प्रेसच्या प्रसंगानंतर आम्ही दोषांची एक वही सुरू केली. ती लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात पाच रकाने आहेत: वेळ, यंत्र कोणत्या पायरीवर थांबले, कोणते दिवे लागलेले आणि कोणते विझलेले होते, चालविणाऱ्याने काय पाहिले, त्याच्याच शब्दांत, आणि शेवटी दोष काय निघाला. चौथा रकाना मी ज्या भाषेत ऐकतो त्या भाषेत लिहितो. कन्नड बोलणाऱ्याचे कन्नडमध्ये, मराठी बोलणाऱ्याचे मराठीत. ‘लाइट हत्तिल्ल री’ असे कोणी म्हणाला तर कोणता दिवा हे विचारून त्याचा क्रमांक लिहितो. यंत्राची पुस्तके इंग्रजीत, पडद्यावरची सूचना इंग्रजीत, आणि यंत्रापाशी आठ तास उभा राहणारा माणूस कन्नड किंवा मराठी बोलणारा, अशी आपल्या सीमाभागाची स्थिती आहे. यंत्राचा आवाज बदलला, वास आला, हालचाल मंदावली, हे सर्वांच्या आधी त्याला कळते. दोन्ही भाषा येणारी मुले आपल्या महाविद्यालयात भरपूर आहेत. अशा कामात त्यांचा उपयोग होण्यासारखा आहे. आता पुष्कळ पडद्यांवर एकाहून अधिक भाषांत सूचना घालता येतात, त्या घालून घ्यायला मालकांना सांगावे.

आता खर्चाविषयी थोडेसे, कारण शेवटी मी वाणिज्याचा विद्यार्थी आहे. समजा एक यंत्र तासाला ४० नग काढते आणि एका नगामागे चल खर्च वजा जाता ६० रुपये उरतात. यंत्र पाच तास थांबले तर १२,००० रुपये गेले. समजा ज्या सेन्सरसाठी ते थांबले त्याची किंमत ९०० रुपये आहे. तो कपाटात शिल्लक नव्हता एवढ्यावरून ही हानी झाली. पण वर्षअखेरीला वही पाहिली तर ९०० रुपये खर्ची पडलेले दिसतील, १२,००० कुठेच दिसणार नाहीत, कारण न झालेल्या उत्पादनाची नोंद खतावणीत होत नाही. म्हणूनच मालकांना सुटे भाग ठेवणे हा खर्च वाटतो आणि थांबलेले यंत्र हे नशीब वाटते. दोषांच्या वहीत ‘किती वेळ थांबले’ हा आकडा घातला की हा न दिसणारा तोटा दिसू लागतो. कोणते सुटे भाग ठेवायचे तेही तीच वही सांगते. सहसा ते सेन्सर, लिमिट स्विच, रिले, फ्यूज आणि कॉइल असतात. पीएलसीची पेटी त्यात क्वचितच असते. पेटीसाठी मात्र एक गोष्ट अवश्य करावी: तिच्या कार्यक्रमाची प्रत काढून दोन ठिकाणी जपून ठेवावी, आणि कार्यक्रमात बदल झाला की प्रतही बदलावी. ज्याने यंत्र बसविले तो माणूस सोडून गेला आणि प्रत कोणाकडेच नाही, अशी अवस्था होऊ देऊ नये.

शेवटी तेरजेकडे येतो. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे सिद्ध होत नाही, हे आपण पाठ केलेले असते. एखादा व्यवहार मुळातच लिहिलेला नसेल, किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकले असेल, तरी तेरीज जुळतेच. यंत्राचेही तसेच आहे. चार वायरी हलविल्या आणि यंत्र सुरू झाले, याचा अर्थ दोष गेला असा होत नाही. तो फक्त लपला. कोणती वायर, का सैल झाली, हे सांगता येत नाही तोपर्यंत वहीतला शेवटचा रकाना मोकळाच ठेवायचा, अशी मामांची सक्त ताकीद आहे. आमच्या वहीत असे मोकळे रकाने आजही सहा आहेत. त्यांपैकी दोन एकाच यंत्राचे असून दोन्ही पावसाच्या दिवसांतले आहेत, हे परवा वही चाळताना लक्षात आले. तेव्हा येत्या जूनपूर्वी त्या पॅनेलच्या दाराचे रबर आधी बदलायचे ठरले आहे.